डीएनए कापणाऱ्या विकराची डोमेन्स कशी तपासावीत: जेन-१चे उदाहरण

विळीचे पाते भाजी चिरते हे खरे; परंतु बोट शाबूत राहते ते पाटावर घट्ट रोवलेल्या पायामुळे आणि भाजी धरणाऱ्या हाताच्या सवयीमुळे. डीएनए कापणाऱ्या विकरांचा, म्हणजे न्यूक्लिएजांचा, अभ्यास हाती घेणारा विद्यार्थी बहुधा आधी पात्याकडे, म्हणजे प्रत्यक्ष कापणाऱ्या उत्प्रेरक भागाकडे पाहतो आणि उरलेले प्रथिन शेपूट समजून सोडून देतो. माझ्या मते चूक नेमकी तिथे होते. डीएनए कापणे हे अशा विकराला फारसे जड जात नाही. जड असते ते योग्य आकाराचाच डीएनए, योग्य वेळी आणि पेशीच्या योग्य भागात कापणे, आणि ही जबाबदारी बऱ्याच अंशी पात्याबाहेरच्या डोमेन्सवर, म्हणजे प्रथिनाच्या स्वतंत्र घडी पडणाऱ्या भागांवर, असते. कोणते डोमेन जनुकसंचाच्या स्थैर्यासाठी नेमके काय करते हे टप्प्याटप्प्याने कसे तपासावे, ते पुढे मानवी जेन-१ या विकराच्या आधारे सांगितले आहे. एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचे पहिले वर्ष डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असल्यामुळे पदवीपातळीवरचे जीवरसायनशास्त्र वाचकाला येते असे गृहीत धरले आहे.

जेन-१ ज्यावर काम करते तो सांधा आधी समजून घ्यावा. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी पुष्कळदा शेजारच्या समजात, म्हणजे जुळत्या क्रमाच्या, प्रतीवरून मजकूर उतरवून घेते, आणि या देवघेवीत दोन दुहेरी सर्पिले चार भुजांच्या एका फुलीत अडकून राहू शकतात. रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ साली या फुलीची कल्पना मांडली, म्हणून तिला हॉलिडे जंक्शन म्हणतात; पुढे सोयीसाठी नुसते सांधा म्हणू. पेशीविभाजनाच्या वेळी सांधा सुटलेला नसेल तर दोन भगिनी क्रोमॅटिड, म्हणजे गुणसूत्राच्या जुळ्या प्रती, एकमेकांना बांधलेले राहतात आणि ओढाताणीत गुणसूत्र तुटते. जिवाणूंमध्ये हा सांधा सोडवणारे रुव्हसी हे प्रथिन १९९१ पासून माहीत होते. मानवातील जेन-१चे हे काम मात्र लंडनमधील स्टीफन वेस्ट यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवले. जेन-१ सांध्याच्या समोरासमोरच्या दोन धाग्यांवर सममितीने, फुलीच्या बिंदूपासून तीन-प्राइम बाजूला एक न्यूक्लिओटाइड सरकून, काप घेते. हे काप इतके नेटके असतात की लायगेज विकर ते पुढची कोणतीही डागडुजी न करता सांधू शकते.

संगणकावरचे काम

पहिला आठवडा प्रयोगशाळेत पाऊल न टाकता घालवावा. युनिप्रॉट या संग्रहातून मानवी जेन-१चा क्रम उतरवून घ्यावा. त्याचा क्रमांक क्यू१७आरएस७ असून लांबी ९०८ अमिनो आम्लांची आहे. त्याच कुळातील, म्हणजे रॅड-२/एक्सपीजी कुळातील, फेन-१ आणि एक्सपीजी हे मानवी क्रम आणि यीस्टमधील येन-१ यांच्याशी त्याची मांडणी करावी. सगळ्यांत सारखा दिसणारा भाग म्हणजे पाते: आम्लधर्मी अमिनो आम्लांनी मॅग्नेशियमचे दोन आयन धरून ठेवलेले उत्प्रेरक केंद्र आणि त्याला लागून दुहेरी डीएनएवर टेकणारा हेलिक्स-वळण-हेलिक्स प्रकारचा भाग.

मग फरक पाहावेत, कारण खरी गोष्ट फरकांत आहे. फेन-१ अवघे ३८० अमिनो आम्लांचे आहे. डीएनएच्या प्रतिकृतीत मागे पडणाऱ्या धाग्यावर प्रत्येक विभाजनात कोट्यवधी तुकडे तयार होतात आणि त्यांच्या टोकांना लोंबणाऱ्या पाच-प्राइम पदराला फेन-१ छाटते. त्याच्या कमानीवर हेलिक्सची एक टोपी असते. मोकळे टोक असलेला पदर सुईत दोरा ओवावा तसा त्या कमानीतून ओवला जातो, आणि त्यामुळे मोकळे टोक नसलेला डीएनए सहजासहजी कापला जात नाही. शेवटच्या भागात पीसीएनए या कड्यासारख्या प्रथिनाला धरणारा छोटा पट्टा असतो, म्हणजे विकर जिथे प्रतिकृती चालू आहे तिथेच हजर राहते. उलट एक्सपीजीमध्ये पात्याच्या दोन भागांमध्ये सहाशेहून अधिक अमिनो आम्लांचा लांब पट्टा घुसलेला आहे आणि तो सूर्यप्रकाशाने झालेली इजा दुरुस्त करणाऱ्या चमूशी त्याची गाठ घालून देतो. एक्सपीजीमधील दोषामुळे झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा प्रकाशाची कमालीची असह्यता आणणारा विकार होतो. पाते एकाच घडणीचे, कामे तीन. हे एकदा कागदावर रेखाटले की जेन-१कडे पाहण्याची नजर बदलते: त्याला मोकळे टोक नसलेली फुली धरायची आहे, म्हणून फेन-१सारखी टोपी त्याला अडचणीचीच ठरली असती, आणि ती त्यात नाही.

आता डोमेन शोधणाऱ्या साधनांबद्दल एक इशारा. इंटरप्रोसारखी साधने क्रमातील साम्यावरून डोमेन ओळखतात आणि साम्य पुसट झाले असेल तर गप्प बसतात. जेन-१चे क्रोमोडोमेन असेच अनेक वर्षे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. २०१५ मध्ये डीएनएला चिकटलेल्या मानवी जेन-१ची स्फटिकरचना ३.० अँगस्ट्रॉम विभेदनावर प्रसिद्ध झाली, तेव्हा पात्याच्या पुढे, साधारण ३९० ते ४६५ या पट्ट्यात, एक ओळखीची घडी दिसली. क्रोमोडोमेन एरवी क्रोमॅटिनवर काम करणाऱ्या प्रथिनांत सापडते. एचपी-१मध्ये ते हिस्टोनच्या मिथिलयुक्त लायसिनला सुगंधी अमिनो आम्लांच्या पिंजऱ्यात पकडते. न्यूक्लिएजमध्ये ते तोपर्यंत कोणी पाहिलेले नव्हते, आणि जेन-१मध्ये ते थेट डीएनएला स्पर्श करते. तेव्हा क्रमावरच न थांबता अल्फाफोल्ड या साधनाने वर्तवलेले रचनेचे प्रारूप घ्यावे आणि त्याचा एकेक सुटा भाग डाली किंवा फोल्डसीक या साधनांत टाकून घडीचे साम्य शोधावे. क्रम बोलत नाही तिथे घडी बोलते.

प्रारूप वाचताना रंगांवर भाळू नये. प्रत्येक अमिनो आम्लाला मिळालेला विश्वासांक ९०च्या वर असेल तर बाजूसाखळीच्या जागेपर्यंत भरवसा ठेवता येतो. ७० ते ९० दरम्यान मुख्य कण्याचा मार्ग ठीक समजावा. ५०च्या खाली तो भाग बहुधा अव्यवस्थित असतो. जेन-१चा जवळजवळ निम्मा उत्तरार्ध असा सैल दिसतो. तो निरुपयोगी मानण्याचा मोह टाळावा, कारण विकराला केंद्रकाबाहेर काढणारी निर्यात-खूण ५००च्या थोडे पुढे, याच सैल भागात आहे. दोन डोमेन्स परस्परांच्या कोणत्या बाजूला आहेत हे ठरवण्याआधी सापेक्ष त्रुटीचा आलेखही पाहावा, कारण प्रत्येक डोमेन स्वतंत्रपणे बिनचूक असून त्यांची परस्परांतील मांडणी निव्वळ अंदाज असू शकते. २०२४ पासून अल्फाफोल्ड-३च्या सर्व्हरवर डीएनए आणि मॅग्नेशियमही घालता येतात. तिथे मिळालेले चित्र स्फटिकरचनेशी ताडून पाहिल्याखेरीज वापरू नये.

उत्परिवर्तके कशी आखावीत

किमान चार प्रथिने लागतील: अखंड डोमेन्सचे मूळ रूप, कापू न शकणारे रूप, क्रोमोडोमेन काढून टाकलेले रूप, आणि क्रोमोडोमेन जागेवर ठेवून डीएनएला टेकणाऱ्या पृष्ठभागावरील एकदोन धनभारित अमिनो आम्ले बदललेले रूप. कापू न शकणाऱ्या रूपासाठी डी३०एन हा बदल सोयीचा आहे. तिसाव्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पराजिन आल्याने आकार जवळपास तोच राहतो, पण भार जातो आणि धातू धरण्याचे काम बिघडते. ते प्रथिन डीएनएला चिकटते, मात्र कापत नाही, आणि अशा मेलेल्या पात्याइतके उपयोगी नियंत्रण दुसरे नाही.

विद्यार्थी चौथ्या रूपाचा कंटाळा करतात, आणि परीक्षक नेमके तेच विचारतात. डोमेन संपूर्ण छाटल्यावर क्रियाशीलता घटली तर तीन गोष्टी शक्य असतात: डीएनएची पकड गेली, उरलेले प्रथिन नीट घडले नाही, किंवा दोन रेणूंची जोडी जमण्यात अडथळा आला. छाटणीची रेघ बीटा-पट्टीच्या मध्यातून मारली तर दुसरी शक्यता जवळजवळ निश्चित होते, म्हणून सीमा नेहमी रचना समोर ठेवून, सैल वळणात निवडावी. मग जेल फिल्ट्रेशनवर प्रथिन एकाच सुबक शिखराच्या रूपाने बाहेर येते का आणि तापवल्यावर ते मूळ रूपाच्या आसपासच्या तापमानालाच उलगडते का, हे दोन्ही पाहावे. हे न करता मिळालेल्या आकड्यांवरून डोमेनच्या कामाबद्दल काहीही लिहू नये.

संपूर्ण ९०८ अमिनो आम्लांचे प्रथिन जिवाणूत बनवण्याच्या हट्टालाही पेटू नये. सैल शेपटीवर प्रोटिएज तुटून पडतात आणि हाती मिश्रण येते. पात्यापासून क्रोमोडोमेनच्या थोडे पुढेपर्यंतचा, पाचशेच्या आसपास संपणारा तुकडा नळीतील प्रयोगांना पुरतो. २००८चे मूळ कामही १ ते ५२७ अशा तुकड्यावरच झाले होते. शेपटीचे प्रश्न पेशीत विचारावेत.

नळीतला काप

सांधा बनवण्यासाठी साधारण साठ न्यूक्लिओटाइडचे चार धागे मागवावेत, ज्यांत प्रत्येकाचा अर्धा भाग एका शेजाऱ्याशी आणि अर्धा दुसऱ्याशी जुळतो. मध्यभागी समजातता ठेवली नाही तर फुली एका जागी स्थिर राहते आणि कापाची जागा अचूक सांगता येते. मध्यभागी समजात क्रम ठेवला तर फुली सरकते आणि कापाच्या अनेक जागा दिसतात. पहिल्या प्रयोगाला स्थिर सांधा घ्यावा. एका धाग्याच्या पाच-प्राइम टोकाला फ्लुरोसंट रंग लावलेला असावा. चारही धागे ९५ अंशांपर्यंत तापवून, ब्लॉकचे बटण बंद करून, रात्रभर हळूहळू थंड होऊ द्यावेत आणि मग नैसर्गिक पॉलिअॅक्रिलामाइड जेलवर चालवून सर्वांत हळू सरकणारी पट्टी कापून घ्यावी. ही शुद्धी टाळली तर तीन धाग्यांचे अर्धवट जुळलेले रूप मागे राहते. फ्लॅपसारखी दिसणारी असली रचना जेन-१ आवडीने कापते, आणि आपण सांध्याचा काप पाहतो आहोत असा भ्रम होतो.

अभिक्रिया ३७ अंशांवर, पाच मिलिमोलरच्या आसपास मॅग्नेशियम ठेवून, विकर नॅनोमोलर पातळीवर घेऊन करावी. एका वेळेला एकच नमुना काढण्याऐवजी शून्य, एक, दोन, पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटे असा क्रम ठेवावा. एसडीएस, ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारे रसायन) आणि प्रोटिनेज-के यांच्या मिश्रणाने ती थांबवावी. शेजारच्या रांगांत विकराविना, डी३०एनसह आणि मॅग्नेशियमऐवजी ईडीटीएसह अशी तीन नियंत्रणे असलीच पाहिजेत. इथे स्वतःची एक फजिती सांगतो. जेलमधून काढलेला सांधा मी दोन मिलिमोलर ईडीटीए असलेल्या बफरमध्ये साठवला होता आणि काटकसर म्हणून अभिक्रियेत मॅग्नेशियम जेमतेम एक मिलिमोलर ठेवले होते. सांधा निम्म्या आकारमानाने घातल्यावर सगळे मॅग्नेशियम ईडीटीएने गिळले, आणि आठ दिवस मी निर्दोष प्रथिनालाच दोष देत राहिलो. बफरची बाटली उचलण्याआधी तिच्यावरचे लेबल मोठ्याने वाचण्याची सवय तेव्हापासून लागली.

जेल स्कॅनरवर चढवल्यावर काय दिसावे? शून्य मिनिटाच्या रांगेत वर एकच जाड पट्टी. पुढे सरकत गेले की ती फिकट होत जाते आणि तिच्या बऱ्याच खाली, कापून सुटलेल्या दुहेरी तुकड्याची पट्टी आधी धुरासारखी आणि मग ठसठशीत उमटते. विकृतीकारक जेलवर तोच नमुना चालवला की कापाची जागा न्यूक्लिओटाइडपर्यंत कळते. क्रोमोडोमेन छाटलेल्या रूपात पट्टी त्याच जागी उमटते, पण बरीच उशिरा आणि बरीच फिकट. याचा अर्थ पाते शाबूत आहे आणि पकड सैल झाली आहे. पकडीचा स्वतंत्र पुरावा हवा असेल तर मॅग्नेशियमऐवजी कॅल्शियम घालून बांधणीचा जेल करावा, म्हणजे विकर डीएनएला धरेल पण कापणार नाही.

एवढ्यावर थांबू नये, कारण जनुकसंचाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: दोन्ही काप एकाच धरणीत होतात का? द्रावणात जेन-१ एकटा रेणू असतो आणि सांध्यावर दोन रेणूंची जोडी जमते. पहिला काप घेऊन विकर निघून गेले तर अर्धवट कापलेला सांधा उरतो, आणि तो अखंड सांध्यापेक्षा घातक ठरू शकतो. हे तपासण्यासाठी उलटसुलट पुनरावृत्ती असलेला पिळदार प्लाझमिड वापरतात; पिळाच्या ताणाने त्यातून फुलीसारखा भाग बाहेर पडतो. दोन्ही काप एकापाठोपाठ पडले तर प्लाझमिड सरळ रेषेत उघडतो. एकच पडला तर पीळ लगेच सुटतो, फुली आत ओढली जाते आणि हाती फक्त एक धागा कापलेले वर्तुळ राहते. आगारोज जेलवर या दोन पट्ट्या सहज वेगळ्या दिसतात. साठ न्यूक्लिओटाइडच्या सांध्यावर निरोगी वाटणारे उत्परिवर्तक कधीकधी या परीक्षेत नापास होते, म्हणून माझ्या हिशेबी संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत मोलाचा जेल हाच.

यीस्टमध्ये आणि मानवी पेशीत

यीस्टमध्ये येन-१चे जनुक काढून टाकले तर पेशी जवळपास नेहमीसारखी वाढते, कारण मस-८१ हे दुसरे न्यूक्लिएज भार उचलते. त्यामुळे डोमेनची परीक्षा दोन्ही जनुके काढलेल्या वाणात घ्यावी. तो वाण मिथाइल मिथेनसल्फोनेट या डीएनएला इजा करणाऱ्या रसायनाला, नुसते मस-८१ नसलेल्या वाणापेक्षाही, अधिक बळी पडतो. त्यात मूळ येन-१ आणि क्रोमोडोमेन काढलेले येन-१ परत घालून दसपट विरलतेचे थेंब प्लेटवर ठेवावेत आणि ३० अंशांवर दोन-तीन दिवसांनी वाढ पाहावी. जनुक स्वतःच्या प्रवर्तकाखाली ठेवावे, कारण दुबळे विकर भरमसाठ प्रमाणात बनले तर त्याचे दुबळेपण झाकले जाते. वेस्टर्न ब्लॉटवर दोन्ही रूपांची पातळी सारखी आहे हेही दाखवावे. हे रसायन फार टिकत नाही, म्हणून प्लेट त्याच दिवशी ओताव्यात; ते कर्करोगकारक मानले जात असल्यामुळे प्लेट हूडमध्येच हाताळाव्यात आणि कचरा वेगळा ठेवावा.

मानवी पेशीत सैल शेपटीचा प्रश्न पुढे येतो. निर्यात-खुणेमुळे जेन-१ एरवी केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात ठेवले जाते आणि सूत्री विभाजनात केंद्रकाचे आवरण विरघळते तेव्हाच ते गुणसूत्रांपर्यंत पोहोचते. तोवर बीएलएम हे हेलिकेज आपल्या साथीदारांसह सांधे उलगडून सोडवते, आणि त्या मार्गाने दोन प्रतींच्या भुजांची अदलाबदल होत नाही. कापून सोडवण्यात मात्र अशी अदलाबदल होऊ शकते, आणि ती समजात गुणसूत्रांमध्ये झाली तर निरोगी जनुकप्रत गमावण्याचा धोका असतो. निर्यात-खूण बिघडवून जेन-१ सतत केंद्रकात ठेवल्यास ही अदलाबदल वाढते. म्हणजे पात्यात काडीचाही बदल न करता, केवळ वेळ आणि जागा चुकवून तेच विकर अस्थैर्याचे कारण बनते. यीस्टनेही हीच खबरदारी वेगळ्या रीतीने घेतली आहे: तिथे सीडीके किनेज येन-१वर फॉस्फेट चढवून त्याची डीएनएवरील पकड सैल करते व त्याला केंद्रकाबाहेर ठेवते, आणि विभाजनाच्या उत्तरार्धात सीडीसी-१४ हे फॉस्फेटेज ते फॉस्फेट उतरवते. फॉस्फेटच्या नऊ जागा बदलून कायम चालू ठेवलेले येन-१ यीस्टच्या जनुकसंचाला महागात पडते.

प्रयोगासाठी स्वतःचे जेन-१ एसआयआरएनएने (जनुकाचा संदेश गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) कमी केलेल्या पेशींत, त्या एसआयआरएनएला दाद न देणारी, म्हणजे अमिनो आम्ले तीच पण कोडॉन बदललेली, चार रूपे घालावीत: मूळ, डी३०एन, क्रोमोडोमेनविना आणि निर्यात-खुणेविना. जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाची जोड देऊन जेन-१ची जागा पाहावी. मग दोन मोजण्या कराव्यात. पहिली मोजणी मस-८१देखील कमी करून घ्यावी, कारण दोन्ही मार्ग बंद केल्यावरच विभाजनाच्या शेवटी क्रोमॅटिडांमध्ये ताणलेले अतिसूक्ष्म पूल आणि तुकड्यातुकड्यांची दिसणारी गुणसूत्रे स्पष्ट होतात; हे पूल डीएपीआय या डीएनएच्या नेहमीच्या रंगाने दिसत नाहीत, त्यांच्यावर बसणाऱ्या पीआयसीएच या प्रथिनाचे प्रतिपिंड लावावे लागते. दुसरी मोजणी भगिनी क्रोमॅटिडांतील अदलाबदलीची. पेशी दोन चक्रे ब्रोमोडिऑक्सियुरिडिनमध्ये वाढवून रंगवल्या की एक क्रोमॅटिड गडद आणि दुसरा फिकट दिसतो, आणि जिथे रंग एका बाजूहून दुसरीकडे उडी मारतो तिथे अदलाबदल झालेली असते. ब्लूम सिंड्रोमच्या रुग्णांत, ज्यांच्यात बीएलएम निकामी असते, हा आकडा साधारण दसपट होतो. म्हणून बीएलएम नसलेली पेशी हे चांगले सकारात्मक नियंत्रण ठरते.

निष्कर्ष काढताना दोन मोजण्या परस्परांशेजारी ठेवाव्यात. क्रोमोडोमेनविना रूपाने पूल वाढावेत, कारण सांधे वेळेत सुटत नाहीत. निर्यात-खुणेविना रूपाने पूल वाढू नयेत पण अदलाबदल वाढावी, कारण सांधे सुटतात, फक्त अवेळी सुटतात. चित्र याच्या उलट आले तर आधी प्रथिनाची पातळी आणि जागा पुन्हा तपासावी, आणि क्रोमोडोमेन छाटताना निर्यात-खुणेची घडी किंवा तिचे अंतर बिघडलेले नाही ना हे पाहावे. मोजणी करणाऱ्याला स्लाइडवरचे नाव दिसता कामा नये; स्लाइडांना सांकेतिक क्रमांक दुसऱ्याने द्यावेत आणि प्रत्येक रूपाची सगळी मेटाफेज चित्रे मोजून झाल्यावरच ती यादी उघडावी.